वरीलप्रमाणे बर्फ

मी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो दोनच ठिकाणी. एक, टेंभुर्णीच्या बाजारात गोळेवाल्याच्या गाडीवर, गोणपाटात गुंडाळलेला. आणि दुसरा, एकदा गारपीट झाली तेव्हा आमच्या ज्वारीत, अर्धा-पाऊण तास. एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी हिमालयातली एक अख्खी हिमनदी सात महिने सांभाळली. कागदोपत्री तिची तब्येत ठणठणीत राहिली ती माझ्यामुळं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतेय.

त्याचं असं झालं. बी.ए. झाले, टायपिंगचं सर्टिफिकेट घेतलं आणि टेंभुर्णीत खताच्या दुकानावर एक कॉम्प्युटर सेंटर होतं, तिथं कामाला लागले. वर पत्रे, खाली युरियाचा वास. सेंटर चालवायचे ते एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. सातबारे काढ, विम्याचे फॉर्म भर, लग्नाचे बायोडाटे टाईप कर, असली कामं. बायोडाट्यात मुलाची उंची वाढवून द्यायची सोय होती. मग एक दिवस भाऊसाहेबांनी कुठून तरी ओळख काढली आणि बर्फाचं काम आणलं.

काम ऐकायला सोपं होतं. तिकडं हिमनदीच्या कडेला एक खोली बांधलेली. त्या खोलीत हिवाळाभर दोन माणसं राहायची. रोज सकाळी बाहेर पडून बर्फात रोवलेल्या सहा खांबांपाशी जायचं, खांबावरच्या खुणा बघून बर्फ किती चढला, किती उतरला ते सेंटिमीटरमध्ये वहीत लिहायचं. उपग्रह वरून फोटो काढतो, पण त्याला बर्फ पांढरा आहे एवढंच बराबर कळतं. किती खोल आहे ते सांगायला खाली कोणाला तरी पाय रोवून उभं राहावं लागतं. हे सगळं आम्हाला एका व्हिडिओत समजावलं होतं. अशा वर्षानुवर्षांच्या वह्यांच्या पानांचे फोटो आमच्याकडं आले होते आणि ते आकडे कॉम्प्युटरात भरायचे होते. भरायचे म्हणजे मी भरायचे. बाकी कॉम्प्युटरांवर सातबारे चालायचे.

कामाला सुरुवात झाली ती मे महिन्यात. लाइट गेली की पंखा बंद, कारण बॅटरी फक्त कॉम्प्युटरपुरती. घाम कीबोर्डवर पडू नये म्हणून मी गळ्यात टॉवेल घालून बसायचे आणि भरायचे : खांब एक, एकशे चाळीस. खांब दोन, एकशे बावन्न. गावात ही बातमी पसरायला दोन दिवस पुरले. जाफराबाद रोडच्या जीपवाल्यानं रोज विचारायला सुरुवात केली, "काय मॅडम, आवंदा बर्फ कसा हाय?" मी म्हणायचे, बरा आहे. माझ्या मायनं पाहुण्यांना सांगून टाकलं की पोरगी सरकारी बर्फात लागली. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मामानं तर मुलाखतच घेतली.

"बर्फ मोजून काय करतेत?"

"उन्हाळ्यात नदीला पाणी किती येईल ते कळतं."

"मंग आमच्याकडं टँकर किती येतील ते बी इचारून घे की त्येन्ला."

सगळे हसले. मीही हसले, आणि ते स्थळ मी मनातल्या मनात तिथंच मोडलं.

त्या वहीत दोन हस्ताक्षरं होती. एक गोल, मोठं, शाळेतल्या बाईंसारखं. दुसरं तिरकं, घाईघाईचं. दोघं दिवस वाटून घेत असणार. शेवटच्या रकान्यात शेरा असायचा, हिंदीत. तो आम्ही भरायचा नव्हता, कॉम्प्युटरात त्याला जागाच नव्हती. पण मला फुकट वाचायला मिळतंय ते सोडायची सवय नाही. तिरका माणूस कोरडा : 'हवा तेज.' 'बादल.' गोलाक्षरी मात्र भलताच बडबड्या. 'आज खंभा चार तक जाने में दो बार गिरा, साथी हँसा.' 'चीनी खत्म, झगड़ा हुआ.' 'लोमड़ी आई थी, उसको भी भूख लगी थी.' मी तिकडं साखर संपली म्हणून इकडं हळहळायचे. माझ्यासमोर बसलेल्या माणसापेक्षा मला त्याची खबर जास्त असायची.

आणि काही दिवस त्या वहीत आकडाच नसायचा. खांब बर्फाखाली गेला, वादळामुळं दार उघडलं नाही, कोणाला ताप आला. अशा दिवशी ते दोघंही आकड्याच्या जागी एक छोटी आडवी रेघ मारायचे आणि शेऱ्यात कारण लिहायचे : 'खंभा दिखा नहीं.' दिसला नाही तर नाही लिहिला. साधी गोष्ट.

आता आमची साधी गोष्ट ऐका. कॉम्प्युटरात रकाना रिकामा ठेवला की तो लालभडक व्हायचा आणि पुढं जाऊ द्यायचा नाही. सोबत आलेल्या सूचनांत अकराव्या पानावर लिहिलं होतं की मोजणी झाली नसेल तिथं वजा नऊशे नव्व्याण्णव भरावं. म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की इथं आकडा नाही. मी ते भाऊसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"वजा नऊशे नव्व्याण्णव सेंटिमीटर?"

"हो."

"म्हंजे जमिनीत दहा मीटर खड्डा. वजा बर्फ असतो का कुठं, पोरी? हे छापणाऱ्यानं पिऊन छापलंय."

"मग काय भरू?"

"वरीलप्रमाणे."

भाऊसाहेबांची सगळी नोकरी या एका शब्दावर झालेली. पिकाची पाहणी असो, विहिरींची मोजणी असो, जनावरांची गणती असो. पहिल्या ओळीत खरं लिहायचं आणि खाली वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे करत पान संपवायचं. त्यांच्या हाताखाली एका गावात आठ वर्षं एकही म्हैस मेली नव्हती. ते मला समजावून सांगायचे, "रकाना रिकामा दिसला की सायेब हटकतो. भरलेला दिसला की सही करतो. आपल्याला सही पाहिजे का हटकणं?" आपल्याकडं कोणत्याही कागदावर रिकामी जागा दिसली की माणूस बेचैन होतो, ती भरल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नाही. मीही इथलीच. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मी कालचा आकडा आज टाकायला लागले. आठवड्यानं भाऊसाहेब म्हणाले, "सगळं सारखंच नको दिसू देऊ, जरा खालीवर करत जा." मग मी एक-दोन सेंटिमीटर खालीवर करायला लागले. आणि कशाला खोटं बोलू, मला त्यात मजा यायला लागली. शेऱ्यात 'हवा तेज' असेल तर एक कमी, 'बादल' असेल तर दोन जास्त. गारपिटीएवढा बर्फ पाहिलेली बाई टेंभुर्णीत बसून हिमालयात बर्फ पाडत होती. लाल रकाना दिसला की मी त्याच्यावर तुटून पडायचे. जगभरातला बर्फ वितळतोय म्हणे. आमच्या सेंटरात बिलकुल वितळू दिला नाही.

हिवाळ्याच्या मध्यावरचं एक पान मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यात लागोपाठ तीन दिवस काहीच नव्हतं. आकडा नाही, आडवी रेघ नाही, शेरा नाही. तारखा तेवढ्या आधीच ओळीनं लिहून ठेवलेल्या. चौथ्या दिवसापासून पुन्हा आकडे सुरू, पण सगळे तिरक्या अक्षरात. गोलाक्षरी परत आलाच नाही. मी म्हटलं, सुट्टीवर गेला असेल. मला थोडा रागही आला, कारण आता शेऱ्यात नुसतंच 'बादल' आणि 'हवा तेज' वाचायला लागणार होतं. त्या तीन दिवसांच्या पहिल्या खांबासाठी मी भरलं : एकसष्ट, बासष्ट, बासष्ट. छान दिसत होतं.

काम संपलं, सगळं पाठवून दिलं. भाऊसाहेबांनी पेढे वाटले. पुढच्या पावसाळ्यात, ज्या दफ्तरानं बर्फाचं काम दिलं होतं तिथून एक पत्र आलं.

पत्रातली भाषा अशी होती की तीनदा वाचावं लागलं. अमुक हिवाळ्यात अमुक तीन दिवशी प्रत्यक्ष मोजणी होणं शक्यच नव्हतं, तरीही त्या दिवसांचे आकडे नोंदलेले आढळतात. का शक्य नव्हतं, त्याचं कारण सोबतच्या परिशिष्टात दिलं होतं आणि परिशिष्ट सोबत नव्हतं. यावरून संबंधित निरीक्षकानं बाहेर न जाता, खोलीत बसून आकडे लिहिल्याचा दाट संशय येतो. त्याच्या इतर नोंदीही अविश्वसनीय धरण्यात येत आहेत आणि त्याला पुढील हंगामात न पाठवण्याचं योजलं आहे. तत्पूर्वी खात्रीसाठी, टंकलिखित आकडे मूळ वहीबरहुकूम असल्याचं प्रमाणपत्र आकडे भरणाऱ्याच्या आणि केंद्रचालकाच्या सहीनं पाठवावं.

म्हणजे वही त्यांच्याच गोदामात. ती उघडून एक पान बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण वही उघडण्यापेक्षा टेंभुर्णीहून प्रमाणपत्र मागवणं त्यांना सोपं. भाऊसाहेबांना या पत्रात चुकीचं काहीच दिसलं नाही. त्यांनी प्रमाणपत्र टाईप करून, शिक्का मारून, स्वतःची सही करून माझ्यासमोर ठेवलं.

"कर सही."

"भाऊसाहेब, ते आकडे त्या माणसानं लिहिलेले न्हाईत. मी लिहिलेत."

"म्हाईत हाय मला."

"त्याची नोकरी जाईल."

"तो तिकडं हिमालयात, आपण इकडं. त्याचं नाव तरी ठाऊक हाय का तुला?"

नाव ठाऊक नव्हतं. साखर कधी संपली ते ठाऊक होतं. मी म्हटलं, उद्या करते, आणि पिशवी उचलून जीप धरली. रस्ताभर मला भाऊसाहेबांचा राग आला, त्या दफ्तराचा आला, जीपवाल्याचा आला. स्वतःचा राग यायला मात्र घर यावं लागलं.

आमच्याकडं अजून मेंढरं आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रोज दिवस मावळायला मेंढरं जाळीच्या कुंपणात घेतात. आम्ही त्याला वाघर म्हणतो. वाघरीच्या तोंडाशी उभं राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजतात. मी पोहोचले तेव्हा मोजणं संपलं होतं आणि ते तिथंच उभे होते.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

मी आधीच चिडलेली. म्हटलं, "कालच्याइतक्याच धरा ना, अण्णा. तेवढ्यानं काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मला काही झालंय का, असं बघितलं.

"मंग ती हुकलेली काय तुझ्या कागदावर चरून राह्यली का?"

एवढं बोलून काठी घेतली आणि ओढ्याच्या अंगानं निघून गेले. अंधार पडता पडता आले ते एका मेंढीला खांद्यावर टाकून, तिला शिव्या देत. तिचा पाय बाभळीच्या काटेरी फेसाट्यात अडकला होता. ती आत सोडली आणि मग त्यांनी सगळी मेंढरं पुन्हा पहिल्यापासून मोजली. आता तर एकच वाढली होती, मोजायची गरज नव्हती. तरी मोजली. मी तिथंच दगडावर बसून राहिले आणि मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी प्रमाणपत्रावर सही केली नाही. सगळी पानं पुन्हा उघडली आणि जिथं जिथं वहीत रेघ होती किंवा जागा कोरी होती आणि आपण आकडा घातलाय, त्याची यादी करायला बसले. चार दिवस लागले. दोनशेच्या वर रकाने निघाले. भाऊसाहेब पहिल्या दिवशी ओरडले, दुसऱ्या दिवशी समजावलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, मी तीस वर्षं भरले, कधी एक माणूस मेला न्हाई त्यानं." चौथ्या दिवशी पेपर उघडून बसले. मी माझ्या शाळकरी हिंदीत पत्र लिहिलं : 'यह आँकड़े निरीक्षक ने नहीं लिखे. वही में जगह खाली थी. मैंने अपने मन से भरे.' खाली सही, खाली माझा मोबाईल नंबर. यादी आणि वहीच्या पानांचे फोटो जोडले आणि भाऊसाहेबांच्या देखत पाठवून दिलं.

आठ दिवसांनी त्या दफ्तरातल्या मॅडमचा फोन आला. रागावतील, असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, त्यांना सवय असावी. एवढंच म्हणाल्या की यादीतल्या सगळ्या जागी वजा नऊशे नव्व्याण्णव भरून परत पाठवा, आणि यापुढं तुमच्या सेंटरला काम मिळणार नाही. निरीक्षकाचं काय, विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या पत्राची प्रत त्यांना दिलीय. ते जातील वर." मी फोन ठेवला आणि भरायला बसले. भाऊसाहेब माझ्या मागं खुर्ची टाकून बसले होते. गेलेल्या कामाचा शोक करायला त्यांना दुसरी जागा नव्हती.

दुपारपर्यंत मी त्या तीन दिवसांपाशी आले. एकसष्ट, बासष्ट, बासष्ट. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज खरखरीत.

"बेटी, चिट्ठी आपने लिखी थी?"

मला लगेच कळलं. तिरकं अक्षर बोलत होतं.

मी म्हटलं, हो, मीच. माफी मागायला लागले तर त्यानं थांबवलं. म्हणाला, वर जायला निघालोय, त्याआधी एक काम आहे. मग त्यानं सांगितलं. त्या तीन दिवसांतल्या पहिल्या सकाळी खांबांची पाळी त्याच्या साथीदाराची होती. दोन नंबरच्या खांबापाशी वरून बर्फाचा कडा सुटला. त्यानं आणि खालून आलेल्या माणसांनी तीन दिवस खणलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला.

"तीन दिन मैंने रजिस्टर को हाथ नहीं लगाया," तो म्हणाला. "फिर दफ़्तर का काग़ज़ आया कि इन तीन दिनों में नंबर लिखे हैं. हमारा एक ही गाँव है. उसकी माँ ने मुझसे पूछा, मेरा बेटा नीचे दबा था और तू अंदर बैठ के नाप लिख रहा था?"

समोर कॉम्प्युटरवर बासष्ट दिसत होतं. एक सेंटिमीटर मी का वाढवलं होतं, तेही मला आठवत होतं. सुंदर दिसावं म्हणून.

"मैंने चिट्ठी पढ़ के सुनाई. वो बोली, काग़ज़ तो पहले भी आया था, काग़ज़ का क्या भरोसा. यहीं बैठी है. आप एक बार बोल दो."

फोन हातातून हातात गेल्याचं ऐकू आलं. मग कोणीतरी श्वास घेत होतं. माझं हिंदी तेवढ्यात सगळं पळून गेलं.

"माँजी," मी म्हटलं, "वो नंबर मैंने लिखे. इधर महाराष्ट्र से. इन्होंने नहीं लिखे."

म्हातारा, बारीक आवाज आला : "इसने क्या लिखा था फिर?"

"कुछ नहीं."

"कुछ भी नहीं?"

"कुछ भी नहीं, माँजी. तीनों दिन खाली हैं. मेरे सामने पन्ना है. एक लकीर भी नहीं."

"खाली," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "खाली." आणि रडायला लागली. फोन तिकडूनच बंद झाला.

मी टॉवेलनं तोंड पुसलं आणि तीन दिवसांच्या सगळ्या खांबांना वजा नऊशे नव्व्याण्णव भरलं. रकाने लाल झाले नाहीत. भाऊसाहेबांनी मागून सगळं ऐकलं होतं. वजा बर्फ असतो का, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही.